मधल्या टेबलावरची माणसे



आपल्या वाडीवस्तीवरची शिकलेली मुले हल्ली कुठे कुठे कामाला लागली आहेत, याची यादी एकदा पारावर बसून करून पाहा. कोणी साखर कारखान्यात, कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात, कोणी औषधाच्या दुकानात. या यादीत एखादे नाव असे निघते की त्यापाशी घरचे लोक अडखळतात.

"पोरगी पुण्याला असती. विम्याच्या हापिसात."

"कुठल्या कंपनीत म्हणे?"

"कंपनी न्हाई... त्ये मधलं असतंय काय तरी."

या 'मधल्या' कचेरीविषयी आज तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाने बोंडअळीवर लिहावे, ठिबकवर लिहावे. विम्याच्या कचेरीत पोरे कशी राबतात, साहेब त्यांच्याशी कसा बोलतो, याच्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. त्या कचेरीतली रीतभात बिघडली की त्याचा फटका तुमच्या गोठ्यापर्यंत आणि चुलीपर्यंत पोचतो. ते मी नोकरीच्या निमित्ताने जवळून पाहिले आहे.

आधी हा मधला माणूस कोण ते समजून घेऊ. विमा एजंट आणि विमा ब्रोकर हे दोन वेगळे प्राणी आहेत. एजंट हा विमा कंपनीचा माणूस. ब्रोकर मात्र कायद्याने विमा घेणाऱ्याचा माणूस. त्याने चार कंपन्यांचे भाव काढावेत, अटी वाचाव्यात, आपल्या गिऱ्हाइकाला काय सोसेल ते सांगावे आणि नुकसान झाले की भरपाईच्या कामात त्याच्या बाजूने उभे राहावे, अशी अपेक्षा आहे. आपल्या देशात १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा धंदा सरकारी झाला आणि १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. २००० साली पुन्हा खाजगी कंपन्यांना दार उघडले. त्यानंतर २००२ साली ब्रोकरसाठी नियम झाले आणि त्यांना परवाने मिळू लागले. २०१८ साली ते नियम नव्याने केले गेले. ब्रोकरच्या कचेरीत परीक्षा पास झालेली माणसे लागतात. ती परीक्षा पुण्याची राष्ट्रीय विमा अकादमी घेते. कचेरीच्या कारभाराला जबाबदार असा एक मुख्य अधिकारी नेमावा लागतो. शिवाय ब्रोकरच्या हलगर्जीपणाने गिऱ्हाइकाचे नुकसान झाले तर ते भरून देता यावे, म्हणून ब्रोकरला स्वतःचाही विमा उतरवावा लागतो.

तुम्हाला उदाहरण द्यायचे तर बाजार समितीतला आडत्या घ्या. माल तुमचा, खरेदीदार दुसरा, आणि आडत्या मधे. त्याने तुमच्या बाजूने भाव बोलायचा. फळे-भाजीपाल्याची आडत २०१६ साली शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले, हे तुम्हाला आठवत असेल. विम्याच्या ब्रोकरचेही असेच आहे. काम तुमचे करायचे, पण दलाली विमा कंपनीकडून घ्यायची. पाय एकाच्या ओट्यावर आणि हात दुसऱ्याच्या खिशात. अशा जागी इमान राखणे सोपे नाही. आणि हे इमान राखण्याचा भार शेवटी पडतो तो मालकावर नव्हे, तर टेबलावर बसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींवर.

या मुलामुलींची आणि आमच्या खात्याची गाठ पडली ती शेतकरी अपघात विम्यामुळे. ही योजना राज्यात २००५-०६ साली सुरू झाली. पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले गेले. शेतकरी वीज पडून, सर्प डसून, विहिरीत पडून, विजेचा धक्का बसून वा रस्त्यावर अपघातात गेला, तर वारसाला विम्याची रक्कम मिळे. पुढच्या काळात ती २ लाख रुपये होती. वारसाने कागद आमच्या तालुका कृषी कार्यालयात द्यायचे. तिथून ते जिल्ह्याला, तिथून ब्रोकरच्या कचेरीत. ब्रोकरने तपासायचे, त्रुटी असतील तर कळवायच्या आणि पुरे झालेले प्रकरण विमा कंपनीकडे धाडायचे. म्हणजे गावची विधवा बाई आणि पैसे देणारी कंपनी यांच्यामध्ये ते मधले टेबल होते.

एक प्रकरण सांगतो. रात्रीच्या पाळीला वीज आली म्हणून मोटार सुरू करायला गेलेला एक शेतकरी पेटीपाशीच गेला. मागे बायको आणि दोन लहान मुले. कागद गोळा करून आम्ही धाडले. महिन्याने त्रुटीचे पत्र आले: सातबारावर नाव 'म्हादू', मृत्यूच्या दाखल्यावर 'महादेव', तरी प्रतिज्ञापत्र द्यावे. बाईने दिले. पुन्हा महिन्याने पत्र: वारसाची नोंद झालेला गाव नमुना ६-क जोडलेला नाही. तोही दिला. तिसऱ्या खेपेला: पंचनाम्याच्या प्रतीवरचा शिक्का वाचता येत नाही. दर खेपेला एस.टी.चे भाडे, झेरॉक्स आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. बाई आमच्या ओसरीवर टेकून म्हणाली, "साहेब, तीनबी गोष्टी त्या कागदावर पयल्याच दिवशी हुत्या न्हवं? मग एकदम का न्हाई सांगितल्या?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर मला पुढे त्या कचेरीत काम करून बाहेर पडलेल्या एका मुलाकडून मिळाले. मुलगा शेतकऱ्याच्याच घरचा. तो म्हणाला, "आमच्याकडं दिवसाला किती पत्रं काढली ते मोजायचे. एका पत्रात तीन त्रुटी लिहिल्या तर काम एक. तीन पत्रांत एकेक लिहिली तर कामं तीन. संध्याकाळी आकडा कमी दिसला की सगळ्यांदेखत नाव घेऊन विचारायचे. मग माणूस काय करणार?"

वाचकहो, हे नीट ध्यानात घ्या. तो मुलगा दुष्ट नव्हता. आळशी तर मुळीच नव्हता, दिवसभर मान मोडून लिहीत होता. पण ज्या मापाने त्याची कामगिरी मोजली जात होती ते मापच चुकीचे होते. आपण ऊसतोड टनावर मोजतो, म्हणून वाढे किती नीट बांधले हे टोळी पाहत नाही. खुरपणी उक्ती दिली की तण वरच्यावर कापले जाते आणि मूळ जमिनीत राहते. माणूस मापाप्रमाणे वागतो. शेतात तसेच कचेरीत.

त्याच सुमारास दुसऱ्या एका प्रकरणात उलट अनुभव आला. दुपारच्या वेळी फोन आला. आवाज एका मुलीचा. "सर, तुमच्याकडच्या या प्रकरणात पाच गोष्टी कमी आहेत. लिहून घेता का? पत्र मागून येईलच, पण तोवर वारसांना कामाला लागता येईल." तिने पाचही नीट सांगितल्या. कुठला कागद कोणत्या कार्यालयात मिळेल तेही सांगितले. पंधरा दिवसांत प्रकरण पुरे झाले. मी तिला विचारले, "बाई, तुमच्या कचेरीत असा फोन करायची पद्धत आहे का?" ती म्हणाली, "आमच्या मॅडमनी सांगितलंय, पत्र कमी निघाली तरी चालतील, फाईल परत यायला नको." तिचे गाव, तिचे आडनाव मला ठाऊक नाही. पण त्या मॅडमना मी मनातल्या मनात नमस्कार केला. काम तेच आणि कागदही तेच, पण वरचे माणूस वेगळे म्हणून खालच्या माणसाचे वागणे वेगळे.

आता आतली हकीकत. आमच्या तालुक्यातली एक मुलगी बी.कॉम. होऊन पुण्याला ब्रोकरच्या कचेरीत लागली. आधीच्या गोष्टीतल्या दोन्ही कचेऱ्यांशी या कचेरीचा संबंध नाही. तिचे वडील माझ्या जुन्या ओळखीचे, दोन एकर बागायत आणि चार जनावरे. दिवाळीला ती घरी आली तेव्हा मी फराळाला गेलो होतो. मी सहज विचारले, "काय बाळ, काम कसे आहे?" नेहमीप्रमाणे "छान आहे काका" असे उत्तर येईल असे वाटले होते. पण ती बराच वेळ बोलत राहिली.

सकाळी साडेनऊला सगळ्यांनी उभे राहायचे आणि कालचा आकडा सांगायचा. भिंतीवर नावांचा तक्ता. पहिल्या तिघांच्या नावापुढे तारे, शेवटच्या तिघांच्या नावाखाली लाल रेघ. नवी पॉलिसी विकली गेली की टेबलावरची घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी टाळ्या द्यायच्या. मार्चअखेर रात्री नऊ-दहापर्यंत बसायचे. घरी पोचल्यावरही मोबाइलच्या गटावर साहेबांचे निरोप चालूच. तिच्या बोलण्यातला गावाकडचा हेल ऐकून सुरुवातीला दोघीतिघी हसत. डबा खायलाही इंग्रजी बोलणारे एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला.

पण तिने चांगलेही सांगितले, तेही लिहिले पाहिजे. पगार दर महिन्याला ठरल्या दिवशी खात्यावर जमा होतो. पावसाची वाट पाहावी लागत नाही. एक वयस्क सहकारी आहेत, जुन्या सरकारी विमा कंपनीतून निवृत्त होऊन आलेले. ते दुपारी अर्धा तास बसून तिला पॉलिसीची कलमे वाचायला शिकवतात. "बारीक अक्षर आधी वाच, मोठं अक्षर नंतर," हा त्यांचा धडा. हेल काढून हसणाऱ्या मुलींपैकी एक पुढे तिची जिवाभावाची मैत्रीण झाली. एकीचा ताप, एकीचे माहेरपण, सगळे त्या एकमेकींचे काम उरकून निभावतात.

मग ती म्हणाली, "काका, एक गोष्ट मात्र मनात राहते. पॉलिसी विकली की घंटा वाजते. पण कोणाला भरपाई मिळवून दिली तर घंटा वाजत नाही."

त्या एका वाक्यात साऱ्या धंद्याची कुंडली आली. विमा विकला जातो तो घंटेच्या क्षणी, पण तो उपयोगी पडतो भरपाईच्या क्षणी. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पेरणीला ढोल आणि मळणीला कोणी फिरकत नाही, अशी ती रीत.

हे फक्त आपल्याकडे चालते असे समजू नका. विमा दलालीचे माहेरघर म्हणजे लंडनचे लॉईड्स. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉईड नावाच्या माणसाच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे मालक आणि विमा उतरवणारे जमत, त्यातून ते बाजारपेठ म्हणून वाढले. तिथे बाईला ब्रोकर म्हणून काम करू द्यायला १९७३ साल उजाडले. २०१९ साली तिथल्या माणसांच्या वागणुकीविषयी तक्रारी वर्तमानपत्रांत गाजल्या, तेव्हा लॉईड्सने स्वतःच तिथे काम करणाऱ्यांकडून मते मागवली. ६,००० च्या वर लोकांनी उत्तरे दिली. शंभरातल्या ८ जणांनी वर्षभरात लैंगिक छळाचा प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. शंभरातले २२ म्हणाले की, आमच्या संस्थेत गैरवागणुकीकडे काणाडोळा केलेला आम्ही पाहिला आहे. इतकी जुनी, इतकी श्रीमंत बाजारपेठ, पण आतले माणूस बोलायला बिचकत होते. तेव्हा चांगली रीत काचेच्या इमारतीने येत नाही आणि जुन्या नावानेही येत नाही. ती रोज पाळावी लागते.

मुलगी सांगत होती त्यातली पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

तिच्या कचेरीमार्फत एका दूध संस्थेच्या जनावरांचा एकत्रित विमा उतरवला होता. जनावरांच्या विम्यात कानातल्या बिल्ल्याला किती महत्त्व आहे, हे तुम्हा दूधवाल्यांना सांगायला नको. बिल्ला नाही तर भरपाई नाही. बिल्ला पडला तर ताबडतोब कळवून दुसरा बसवून घ्यायचा असतो. त्या संस्थेतल्या एका सभासदाची गाय मेली. कानात बिल्ला नव्हता. प्रकरण तिच्या टेबलावर आले. साहेब म्हणाले, "बिल्ला नाही ना? मग नामंजूर होणारच. गिऱ्हाइकाकडून उत्तर नाही असं लिही आणि बंद कर. महिनाअखेरचा आकडा द्यायचाय."

मुलगी शेतकऱ्याची. गाय मेल्यावर घरात दोन दिवस चूल कशी पेटत नाही, ते तिने लहानपणी पाहिलेले. तिने संस्थेच्या सेक्रेटरीला फोन लावला. तो म्हणाला, "अहो ताई, बिल्ला पडल्याचं आम्ही तवाच कळवलंय की. फोटोसकट. तुमच्याच हापिसात." शोध घेतला तेव्हा कळले, तो निरोप आधीच्या कारकुनाकडे आला होता. तो नोकरी सोडून गेला होता. जाताना त्याचे टेबल कोणी समजून घेतले नव्हते. निरोप पडून राहिला आणि नवा बिल्ला कोणी बसवला नाही.

म्हणजे उणीव गोठ्यात नव्हती, कचेरीत होती. आणि आकड्यासाठी ती गाडून टाकायला सांगितले जात होते. तिने काय केले? भांडली नाही, रडली नाही. निरोपाची तारखेसह प्रत काढली, फाईलला लावली, विमा कंपनीकडे धाडली आणि आपल्या कचेरीच्या मुख्य अधिकाऱ्याला चार ओळींत लेखी कळवले. कंपनीने आणखी दोनदा विचारणा केली, पशुवैद्यकाचा दाखला मागितला, आणि काही महिन्यांनी रक्कम मंजूर झाली.

तिला मात्र भरपाईच्या टेबलावरून उठवून फोन करण्याच्या कामावर बसवले. कोणी रागावले नाही, कोणी काही बोलले नाही. फक्त टेबल बदलले आणि तक्त्यावर नाव खाली गेले. तिच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, पोरीला म्हणावं का सोडून ये म्हणून? का म्हणावं की तू कशाला नसत्या भानगडीत पडलीस?"

मी त्यांना म्हणालो, "तात्या, दुसरं वाक्य तर तिच्या कानावर कधीच जाऊ देऊ नका. आणि पहिलंही घाईनं बोलू नका. तिनं जे केलं त्याला कायद्याच्या भाषेत ब्रोकरचं कर्तव्य म्हणतात. नोकरी ठेवायची की बदलायची ते तिला ठरवू द्या. पण घरी परतायला दार उघडं आहे एवढं तिला माहीत असू द्या. ज्याला परतीचं दार असतं तोच माणूस बाहेर ताठ उभा राहतो."

ती त्या कचेरीत आणखी आठ महिने राहिली. फोन करता करता ब्रोकरच्या परीक्षेचा अभ्यास केला, पास झाली आणि दुसऱ्या कचेरीत गेली. तिथे दर शुक्रवारी अडलेल्या भरपाया घेऊन सगळे एकत्र बसतात आणि कोणाच्या हातून काय राहून गेले ते त्याच्यावर न ओरडता बोलले जाते, असे तिने मला नंतर सांगितले. पगार थोडा कमी आहे. ज्याची गाय मेली होती त्या शेतकऱ्याला ही मुलगी कोण, हे आजही ठाऊक नाही.

वाचकहो, ज्या घरी गड्याला चूक सांगायची भीती वाटते, त्या घरचा बैल आधी लंगडा होतो आणि मालकाला ते मागाहून कळते. नाल ढिली झाली हे गड्याने पाहिलेले असते. पण शिव्या कोण खाणार, म्हणून तो गप्प राहतो. विम्याच्या कचेरीत बैलाच्या जागी तुमची भरपाई असते, एवढाच फरक.

आता ज्यांची मुले अशा कामाला आहेत किंवा जाऊ पाहतात, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नेमणुकीचे पत्र हातात घेतल्याशिवाय रुजू होऊ देऊ नका. पगारातला पक्का भाग किती आणि विक्रीवर अवलंबून असलेला किती, हे आधी विचारायला सांगा. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, सुटी कुठल्या दिवशी, हेही विचारावे. हातून चूक झाली तर ती कोणाला सांगायची, हा प्रश्न मुलाखतीतच विचारता आला तर उत्तम. उत्तर देताना समोरचा हसला की ओळखावे. मुली असतील तर त्यांना हे माहीत पाहिजे की २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. शेवटचे म्हणजे, कोणी तोंडी चुकीचे काम सांगितले तर "साहेब, एवढं लिहून द्या" असे नम्रपणे म्हणायला शिकवा. निम्मी चुकीची कामे तिथेच थांबतात.

आणि मुलांचा फोन आला की नुसते "जेवलीस का, पैसे पाठवलेस का" एवढ्यावर थांबू नका. "आज काय काम केलंस?" असेही विचारा. आईबापांना आपले काम कळत नाही, ही खंत या मुलांच्या मनात मोठी असते. त्यांना बोलू द्या. अर्धे कळेल, अर्धे कळणार नाही, पण त्यांचे ओझे हलके होईल.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लिहिणे एकांगी होईल. आपण गिऱ्हाईक म्हणून कसे वागतो? फोन उचलणाऱ्या मुलीला पहिल्याच वाक्यात शिवी देणारे महाभाग आपल्यातही आहेत. "तारीख जरा मागची टाका", "मेलेल्या म्हशीच्या जागी ही दाखवा", असे सांगणारेही आहेत. ती मुलगी आतून साहेबाच्या आणि बाहेरून आपल्या कात्रीत सापडते. तेव्हा कागद पुरे द्या, खरे द्या. बोलणाऱ्याचे नाव आणि तारीख वहीत टिपून ठेवा. नकार आला तर तो कारणासह लेखी मागा. दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. २०२१ पासून ब्रोकरच्या सेवेविषयीची तक्रारही लोकपालाकडे करता येते. भांडण कंपनीशी करा, टेबलावरच्या पोरीशी नको.

राहता राहिली ती शेतकरी अपघात विम्याची गोष्ट. प्रकरणे वेळेवर निकालात निघत नाहीत, नको त्या त्रुटी काढल्या जातात, अशा तक्रारी वाढत गेल्या. शेवटी २०२३ साली राज्य सरकारने विमा कंपनी आणि ब्रोकर या दोघांनाही त्या कामातून बाजूला केले. विम्याऐवजी सानुग्रह अनुदानाची योजना आणली आणि प्रकरणांचा निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे दिला. मधल्या माणसाने मधले काम केले नाही की लोक त्याच्याशिवाय चालायला शिकतात, हा त्यातला धडा. पण त्या कचेऱ्यांत जी मुले मनापासून फोन करून पाच त्रुटी एकदम सांगत होती, त्यांचेही टेबल त्यात गेले, याचे वाईट वाटते.

आणि आता ते मधले टेबल कोणाकडे आले? आमच्याकडेच. कागद घेऊन येणारी बाई आता आमच्या सरकारी खात्यांच्या दारात उभी असते. आमच्या नव्या सहकाऱ्यांना मी हेच सांगत असतो: कागद हातात आला की खालपर्यंत वाचा, जे जे कमी आहे ते एकाच चिठ्ठीवर लिहून त्या बाईच्या हातात द्या, आणि तिला दुसऱ्यांदा यावे लागणार नाही याला दिवसाचे काम समजा. आकडा कमी भरला तरी चालेल.

तुम्ही आमच्या कचेरीत याल तेव्हा ती चिठ्ठी मागा. तो तुमचा हक्क आहे.